पाणीदार तलवारी आणि तरवडाची पानं

मेटलर्जीच्या मुलाची होस्टेलवर आठवण दोनच वेळा निघते. कुणाच्या लॅपटॉपचं बिजागर तुटलं की, "हे वेल्ड होईल का रे?" आणि कुणाचं 'गेम ऑफ थ्रोन्स' नुकतंच पाहून संपलं की, "ते व्हॅलिरियन स्टील खरंच असतं का रे?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. दुसऱ्याचं उत्तर मेसच्या रांगेत उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हा लेख.

ज्यांनी ना मालिका पाहिली, ना जॉर्ज मार्टिनची पुस्तकं वाचली, त्यांच्यासाठी थोडक्यात. या कथेतल्या जगात व्हॅलिरिया नावाचं एक बलाढ्य साम्राज्य होतं. तिथल्या लोहारांना मंत्र घालून एक अजब पोलाद बनवता येत असे. हलकं, कधीही धार न जाणारं, आणि पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेलं. मग एके दिवशी ज्वालामुखी फुटले, साम्राज्य बुडालं आणि त्याच्याबरोबर ती विद्याही. उरल्या त्या जुन्या तलवारी, ज्या मोठी घराणी पिढ्यान् पिढ्या जपून ठेवतात. नवीन पोलाद कुणालाच बनवता येत नाही. जुनं वितळवून पुन्हा घडवणारे लोहार मात्र एखाद-दुसऱ्या शहरात आहेत.

आता गंमत अशी की फॅन्टसी वाचताना आपण सगळं 'डोक्यातून काढलेलं' म्हणून सोडून देतो. पण या लेखकांच्या जादुई तलवारी घ्या. त्यातल्या बहुतेकींच्या मागे कुठली तरी खरी भट्टी किंवा खरी दंतकथा सापडते. व्हॅलिरियन पोलादाच्या मागची भट्टी तर आपल्या अगदी जवळची आहे. तिथे जायचंच आहे, पण वाटेत दोन-तीन थांबे घेऊ.

पहिला थांबा आकाशातल्या लोखंडाचा. मार्टिनच्याच कथेत 'डॉन' नावाची दुधी रंगाची तलवार आहे, ती म्हणे पडलेल्या ताऱ्याच्या गाभ्यातून घडवलेली. टॉल्किनच्या 'सिल्मरिलियन'मध्येही (१९७७) जळत पडलेल्या ताऱ्याच्या लोखंडाची एक काळी तलवार येते. कल्पना वाटते ना? पण तुतनखामेनच्या ममीजवळ १९२५ साली सापडलेल्या खंजिराची क्ष-किरणांनी तपासणी झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार पात्यात जवळजवळ ११ टक्के निकेल आहे. जमिनीतल्या खनिजातून काढलेल्या प्राचीन लोखंडात एवढं निकेल नसतं, उल्कांमध्ये असतं. आणि हे झालं दूरच्या इजिप्तचं. १६२१ च्या एप्रिलमध्ये जालंधरजवळ एक उल्का पडली. जहांगीर बादशहाने ती खणून काढलेली मागवली, तोलली (१६० तोळे भरली), आणि उस्ताद दाऊद या कारागिराला तिच्या तलवारी बनवायला सांगितल्या. हे सगळं जहांगीरने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. आणि मला सर्वांत आवडतो तो त्यातला तांत्रिक तपशील: ते लोखंड घणाखाली टिकेना, तुकडे पडायला लागले. मग तीन भाग उल्केचं आणि एक भाग साधं लोखंड असं मिसळून दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी घडवली. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत आहे. प्रयोग फसला, प्रमाण बदललं, पुन्हा केला, नोंद ठेवली! आमच्या लॅब जर्नलमध्ये 'निरीक्षणे' या सदराखाली इतकं खरं कुणी लिहीत नाही.

तुटलेली तलवार पुन्हा जोडण्याचा प्रसंगही असाच जुना. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये अॅरागॉर्नला पूर्वजांच्या तलवारीचे तुकडे मिळतात आणि एल्फ लोहार त्यातून नवी तलवार घडवतात. टॉल्किन ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक होता आणि उत्तरेकडच्या सागा त्याने कोळून प्यायल्या होत्या. आइसलंडच्या व्होल्सुंग सागात सिगमुंडची तलवार ओडिन देवाच्या भाल्यावर आपटून तुटते, बायको ते तुकडे जपून ठेवते, आणि मुलगा सिगुर्ड मोठा झाल्यावर रेगिन नावाचा लोहार त्यांची पुन्हा तलवार करतो. ती इतकी जबरी निघते की ऐरणच दुभंगते. चांगलं पोलाद जेव्हा सोन्यासारखं दुर्मीळ होतं, त्या काळात मोडक्या पात्याचे तुकडे कुणी फेकून देत नसणार, एवढा व्यवहार या दंतकथेत नक्कीच आहे.

पुढचा थांबा जरा रक्तरंजित. मार्टिनच्या पुस्तकांत अझोर अहाय नावाच्या वीराची गोष्ट आहे. तो तलवार तापवून पाण्यात बुडवतो, ती फुटते. दुसऱ्या वेळी सिंहाच्या काळजात खुपसतो, तीही फुटते. तिसऱ्या वेळी बायकोला बोलावतो. पुढचं सांगत नाही. दमास्कसच्या लोहारांबद्दल युरोपात अशाच कथा पसरल्या होत्या, की ते लालबुंद पातं जिवंत गुलामाच्या शरीरात खुपसून थंड करत. या कथा खोट्या, पण त्यांचं मूळ एका खऱ्या प्रक्रियेत आहे: आपल्याकडे जिला हत्याराला 'पाणी देणं' म्हणतात ती. बाराव्या शतकातल्या थिओफिलस नावाच्या ख्रिस्ती साधूने कारागिरीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात पोलादी हत्यारांना पाणी देण्यासाठी फक्त नेचे खाऊ घातलेल्या बकऱ्याचं मूत्र वापरावं, नाहीतर लाल केसांच्या लहान मुलाचं, असं गंभीरपणे सांगितलंय.

हसू नका! लाल केसांचा भाग सोडा, पण मुद्दा बरोबर आहे. तापलेलं पातं साध्या पाण्यात घातलं की त्याच्याभोवती आधी वाफेचं पांघरूण तयार होतं, आणि वाफ ही उष्णतेची वाईट वाहक. त्यामुळे सुरुवातीला पातं हळू आणि जागोजागी वेगवेगळ्या वेगाने थंड होतं. पाण्यात क्षार असले की ते पांघरूण लवकर फाटतं आणि पातं झपाट्याने, सारखं थंड होतं. आजही वर्कशॉपमध्ये यासाठी मिठाचं पाणी वापरतात. रक्त, मूत्र, मिठाचं पाणी, सगळ्यांत पाणी आणि क्षार आहेतच. जुन्या लोकांना परिणाम दिसत होता, कारण माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी बकऱ्याला नेचे खाऊ घातले. बिचारा बकरा.

बरं, आता मुख्य भट्टीकडे.

दमास्कसच्या तलवारी म्हटलं की पात्यावरच्या लाटा आल्या. वाल्टर स्कॉटच्या 'टॅलिझमन' (१८२५) या कादंबरीत इंग्लंडचा राजा रिचर्ड आपल्या अवजड तलवारीने लोखंडी दांडा तोडतो, तर सलादिन आपल्या बाकदार तलवारीने हवेत तरंगणारा रेशमी पडदा चिरतो. खऱ्या आयुष्यात हे दोघं एकमेकांना कधी भेटलेच नाहीत, पण हा प्रसंग युरोपच्या डोक्यात जो बसला तो बसलाच. तिथून आजच्या जादुई पोलादापर्यंत सरळ रस्ता आहे.

इथे एक घोटाळा आधी दूर करू, कारण मालिका आणि ऑनलाइन दुकानं दोघंही तो वाढवतात. पात्यावर नक्षी दोन पूर्णपणे वेगळ्या मार्गांनी येते. एक मार्ग म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, घडी घालून, ठोकून जोडायच्या. व्हायकिंग आणि अँग्लो-सॅक्सन लोक असं करत. इंग्लंडमधल्या सटन हू इथे १९३९ साली सापडलेली सातव्या शतकातली तलवार अशीच आहे. व्हॅलिरियन पोलादाला पुस्तकात घड्या घातल्याचं वर्णन येतं ते या पद्धतीचं. आज बाजारात 'डमॅस्कस' म्हणून महागडे किचन नाइफ मिळतात तेही बहुतेक असेच. पण दमास्कस आणि इराणच्या त्या नामांकित पात्यांत घडी-बिडी काही नाही. ते पोलादच असं की नक्षी आतून उमटते. आणि ते पोलाद तिकडचं नव्हतंच. ते आपल्याकडून जायचं.

या पोलादाला इंग्रजांनी 'वूट्झ' म्हटलं. कन्नडमधल्या 'उक्कू' म्हणजे पोलाद या शब्दावरून, असं सहसा मानलं जातं. आजच्या तेलंगणातलं कोनसमुद्रम, म्हैसूरचा प्रदेश, तामिळनाडू आणि श्रीलंका इथे त्याच्या भट्ट्या होत्या. तावर्निये हा फ्रेंच व्यापारी सतराव्या शतकात इकडे फिरून गेला, त्यानेही लिहिलंय की लाटांच्या पात्यांसाठी लागणारं पोलाद इराणला गोवळकोंड्याच्या राज्यातून येतं. (उलट दिशेची गंमतही सांगतो. त्याच काळात युरोपातली सरळ पाती इकडे येत आणि आपले मराठे मूठ बसवून ती 'फिरंग' म्हणून कमरेला लावत. म्हणजे आपल्या पोलादाचे गोळे पश्चिमेकडे आणि त्यांची तयार पाती आपल्याकडे!)

करायचं कसं? भाताचं तूस मिसळलेल्या मातीची छोटी मूस घ्यायची. तिच्यात घडाऊ लोखंडाचे तुकडे, त्यावर सुकलेल्या लाकडाचे बारीक तुकडे आणि हिरवी पानं. मुशीचं तोंड मातीने लिंपून बंद. अशा मुशी भट्टीत रचायच्या आणि भाता मारत राहायचं, तासन् तास. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं, कोळशाच्या साध्या भट्टीला ते झेपत नाही. पण मुशीतल्या लाकडापानांचा कार्बन लोखंडात मुरायला लागला की वितळणबिंदू खाली येतो. सेकंड इयरची लोह-कार्बन आकृती आठवा, डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी ती रेघ! शेवटी आत सुमारे दीड टक्का कार्बनचं पातळ पोलाद तयार होतं आणि सावकाश थंड होऊन त्याचा ढेकळाएवढा गोळा बनतो. भाता थांबला तर गोळा वाया.

आणि ती लाकडं-पानं कसली? एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यात लोखंडाचा कारखाना काढणाऱ्या हीथ नावाच्या इंग्रजाने नावं दिली आहेत. लाकूड तरवडाचं आणि पानं रुईची. माळावर पिवळ्या फुलांनी भरलेला तो तरवड, ज्याच्या सालीने कातडी कमावतात. आणि रुई म्हणजे शनिवारी मारुतीच्या गळ्यात असते तीच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा व्हॅलिरियाचे मंत्र एकदम फिके वाटायला लागले.

वूट्झ शास्त्रज्ञांच्या हातात पडलं ते मुंबईमार्गे. १७९४ साली मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना त्याचे नमुने पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला आणि त्याच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईत तयार होतं असं छापलं गेलं. बोटीत जिथे चढलं तिथेच बनलं असा हिशेब असावा. मग मायकेल फॅरडे याच्या मागे लागला. हो, तोच, फॅरडेच्या नियमांचा फॅरडे. तो लोहाराचा मुलगा होता हे आपल्याला सहसा शिकवत नाहीत. १८१८ च्या सुमारास स्टोडार्ट नावाच्या सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्याबरोबर त्याने प्रयोग सुरू केले. त्याला वाटलं की गुपित अॅल्युमिना आणि सिलिकात आहे. नव्हतं. मग पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असं काय काय मिसळून पाहिलं. वूट्झ काही जमलं नाही, पण मिश्रपोलादांचा पद्धतशीर अभ्यास तिथून सुरू झाला, ज्यावर आमचा एक अख्खा पेपर असतो. गुपितातला मोठा वाटा कार्बनचा आहे हे पॅरिसच्या टांकसाळीतल्या ब्रेआंने १८२० च्या दशकात ओळखलं. रशियात अनोसोव्हने अशी पाती बनवूनही दाखवली. रशियनमध्ये या पोलादाला 'बुलात' म्हणतात. आपला 'पोलाद' आणि त्यांचा 'बुलात' एकाच फारसी शब्दाची पोरं.

युरोपच्या लोहारांचं काय चुकत होतं ते ऐकण्यासारखं आहे. त्यांना कमी कार्बनच्या लोखंडाची सवय. ते पांढरंशुभ्र होईपर्यंत तापवायचे आणि घण घालायचे. वूट्झ त्या तापमानाला आतून वितळायला लागतं, घण पडला की चुरा! त्याला गडद लाल ते नारिंगी एवढंच तापवून, पुन्हा पुन्हा, धीराने ठोकावं लागतं. या वारंवार तापवण्या-ठोकण्यातच सिमेंटाइटचे कठीण कण ओळीने रांगा धरतात. वरून सौम्य आम्ल लावलं की रांगा उजळ आणि बाकी भाग काळपट दिसतो. त्याच त्या लाटा. फारसीत अशा पात्याला 'आबदार' म्हणजे पाणी असलेलं म्हणत, आणि आपण मराठीत 'पाणीदार' म्हणतो. आता त्या गुलामाच्या कथेकडे पुन्हा बघा. दीड टक्का कार्बनचं पातं असं झटकन गार केलं तर तडकण्याचीच शक्यता जास्त. तपासलेल्या अनेक जुन्या पात्यांची अंतर्रचना सांगते की ती मुळी झटकन थंड केलेलीच नव्हती.

२००६ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांनी अशा एका सतराव्या शतकातल्या पात्यात कार्बनच्या नॅनोनळ्या सापडल्याचं जाहीर केलं. झालं! 'आपल्या पूर्वजांना नॅनोटेक्नॉलॉजी येत होती' असे मेसेज फिरायला लागले, ते अजून फिरतायत. काही तज्ज्ञांना तो निष्कर्षच मान्य नाही, हे एक. दुसरं, तिथे नॅनोनळ्या असल्या तरी त्या कुणी ठरवून घातलेल्या नाहीत. नुसत्या नजरेने लोखंडाचा रंग ओळखून पन्नास-शंभर अंशांच्या पट्ट्यात काम करणाऱ्या माणसाचं कौतुक करायला नॅनो कशाला लागतं?

हा रंग ओळखणं म्हणजे काय ते मी आमच्या गावच्या लोहाराकडे पाहिलंय. विळ्या-कोयत्यांना पाणी द्यायचं काम बाबा फक्त दिवस मावळताना करतात. भर उन्हात लाल आणि केशरी यातला फरक कळत नाही, म्हणून. मी थर्मोकपलबद्दल सांगितलं तर म्हणाले, "ते तुला. मला डोळे हायत की." त्यांचा मुलगा पुण्याला एका कंपनीत पॅकिंगला आहे. गावात आता कारखान्यात बनलेले विळे मिळतात, स्वस्त आणि बरे.

मग वूट्झची विद्या बुडाली कशी? इथे कादंबरी आणि इतिहास वेगळे होतात. कादंबरीला प्रलय लागतो. दंतकथेलाही लागतो: १४०१ मध्ये तैमूरने दमास्कस लुटलं, कारागीर समरकंदला नेले आणि ती कला संपली, असं सांगतात. लूट खरी, कारागीर नेलेही खरे. पण त्यानंतर दोनशे वर्षांनी इराणमध्ये असदुल्लाचं नाव कोरलेली उत्तमोत्तम पाती बनतच होती. आणि हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकातही भट्ट्या पेटत होत्या, साहेब लोक शेजारी बसून वर्णनं लिहून घेत होते. गुपित वगैरे काही नव्हतं. शेफील्डचं स्वस्त पोलाद आलं. १८५६ नंतर बेसेमरच्या पद्धतीने तर भावच पाडला. कोळशासाठी लागणाऱ्या जंगलांवर १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी सरकारी हक्क आला. तलवारींची जागा बंदुकांनी घेतली, आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणंच बंद केलं. गिऱ्हाईक गेलं, कोळसा गेला, पोरं दुसऱ्या कामाला लागली. एकही ज्वालामुखी फुटला नाही.

याच्या जोडीला आणखी एक कारण अमेरिकेत पुढे आलं. आयोवा स्टेट विद्यापीठातले जॉन व्हरहोवेन आणि फ्लोरिडातला आल्फ्रेड पेंड्रे यांनी १९९० च्या दशकात संग्रहालयाच्या दर्जाची पाती पुन्हा बनवली. पेंड्रे धंद्याने घोड्यांना नाल ठोकणारा. त्यांचं म्हणणं असं की रांगा नीट उमटायला पोलादात व्हॅनेडियमसारख्या धातूचा अगदी किंचित अंश लागतो, दहा हजारात एक भागाहूनही कमी. काही खाणींच्या खनिजात तो असायचा. खाण बदलली की तीच मूस, तीच पानं, तोच लोहार, पण लाटा येत नसत. लोहाराने मुलाला शिकवलेलं सगळं बरोबर असायचं आणि तरी मुलाचं पातं कोरं निघायचं. व्हॅनेडियम हे मूलद्रव्यच मुळी एकोणिसाव्या शतकात ओळखलं गेलं.

पेंड्रेने कृती लपवली नाही. १९९८ साली दोघांनी ती प्रमाणांसकट छापून टाकली, कुणीही वाचावी. त्यांनी वापरलेल्या एका कॅनेडियन कच्च्या लोखंडात व्हॅनेडियम आधीपासूनच होतं. मुशीत काय काय घातलं त्याची यादीही त्यात आहे: ते लोखंड, कोळसा, काचेचे तुकडे आणि हिरवी पानं.